सीटखालची गर्दी

जनावरांच्या डॉक्टरला डोंगरापलीकडची गावं मिळाली तेव्हा घरच्यांनी आधी तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग, चहाचे कप खाली ठेवायच्या आत, काळजी करायला सुरुवात केली. घर डोंगराच्या अलीकडे, गोठे पलीकडे, आणि मधे घाट. थंडीत त्या घाटावर सकाळी असं धुकं बसायचं की आपण लांबवलेला हातसुद्धा परक्याचा वाटावा. आणि गाई काही हवामान बघून व्यायणाऱ्या नव्हेत. फोन आला की डॉक्टर उजाडता उजाडता मोटरसायकल काढायची आणि परत यायची तेव्हा तिची बोटं लाकडासारखी झालेली असायची.

घरात ती धरून चारच माणसं. नवरा घड्याळजी होता. घराच्या खालच्या मजल्यावर त्याचं दुकान. डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर केसाइतक्या बारीक स्प्रिंगांशी बोलत बसायचा. तो अतिशय नेटका माणूस, आणि तितकाच भित्रा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोच्या मोटरसायकलवर तो एकदाही बसला नव्हता. "मी चालत येतो, तू हो पुढे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सासूबाई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. आणि नणंद मुलांना पोहायला शिकवायची. तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर सहज जायचा, फक्त घरी आल्यावर तो कमी करायचं तिच्या लक्षात राहत नसे.

या सगळ्यांनी एकाच आठवड्यात, एकमेकांना काही न सांगता, डॉक्टरच्या गाडीसाठी काही ना काही आणलं.

नवऱ्याने आणले दोन दिवे, पिवळ्या काचांचे, धुक्यात लांबवर दिसणारे. सासूबाईंनी हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी आणल्या. नणंदेने हॉर्न आणला, तोही साधासुधा नाही, दोन तुताऱ्यांचा. "वहिनी, हा वाजवलास ना, की समोरचा ट्रक आपणहून मागे जाईल," ती म्हणाली. डॉक्टरने स्वतःसाठी फोन चार्ज करायचा एक प्लग घेऊन ठेवला होताच.

पुढे जे झालं ते या घराला शोभेसंच झालं. प्रत्येकाने आपापली वस्तू आपणच बसवली. सासूबाईंनी खोक्यावरचं चित्र बघून मुठी चढवल्या, त्यांची वायर टाकीखालून मागे नेली आणि जाड दोऱ्याने असे सुबक टाके घालून बांधली की बघत राहावं. नणंदेने मूळचा छोटा हॉर्न काढून त्याच्याच वायरी आपल्या तुताऱ्यांना जोडल्या. घड्याळजीने हँडलवर एक नाजूक स्विच बसवला, त्याच्या पसंतीचा, बोटाने हलकेच दाबला की हलणारा. त्यातून त्याने एक बारीक वायर दिव्यांना दिली, दुसरी बॅटरीला. डॉक्टरनेही आपला प्लग बॅटरीलाच जोडला, आणि तिला ते काम जमल्याचा फार आनंद झाला.

सीट उचलली की आता खाली बॅटरीच्या दोन टोकांवर ही गर्दी. एकाच खिळ्यावर घरभराचे कपडे अडकवावेत तशा वायरी एकावर एक चढलेल्या. वरचा नट पुरता बसतही नव्हता.

"अरे, यात फ्यूज नको का?" डॉक्टरने विचारलं.

"हवा ना," घड्याळजी म्हणाला. "रविवारी बसवतो. तोवर काही होत नाही."

रविवार आला आणि त्या दिवशी कुणाच्या तरी आजोबांचं घड्याळ दुकानात आलं. फ्यूज राहिला.

सुरुवातीचे दिवस मात्र मोठे सुखाचे गेले. पिवळ्या उजेडात रस्त्याची कड नीट दिसायची. मुठी अशा उबदार की डॉक्टरला गाडीवरून उतरू नये असं वाटे. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "बोटं कशी आहेत?" आणि ती दहाही बोटं त्यांच्यासमोर हलवून दाखवायची. नणंदेच्या हॉर्नने घाटातली माकडं झाडावरून उठून जायची. एवढंच की अधूनमधून सकाळी बॅटरी मलूल असायची आणि किक मारावी लागायची. थंडीमुळे होत असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग एके दिवशी तांबडं फुटताना फोन वाजला. पलीकडच्या सगळ्यात वरच्या गोठ्याचा मालक होता. गोठेवाला एरवी शांत माणूस, पण आज घाईने बोलत होता.

"डॉक्टर, तांबडी अडली आहे. पुढचा एकच पाय बाहेर आलाय. दुसरा सापडत नाही."

"काही ओढू नका. मी निघाले."

तिने पिशवी मागे बांधली आणि सगळं सुरू केलं. दिवे लावले, मुठी गरम केल्या, फोन प्लगला लावला. धुकं नेहमीपेक्षा दाट होतं, त्यामुळे प्रत्येक वळणावर तुताऱ्याही वाजत होत्या. घाटमाथ्याजवळच्या शेवटच्या वळणावर तिने हँडल पुरतं वळवलं आणि पिवळे दिवे एकदा लुकलुकले. तिने हँडल सरळ केलं तेव्हा दिवे विझले. पाठोपाठ नाकात एक वास शिरला. तापलेल्या इस्त्रीखाली प्लास्टिकचं बटण आल्यावर येतो तसा. मग टाकीखालून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि इंजिन बंद पडलं.

डॉक्टर घाबरली, पण तिचे हात घाबरले नाहीत. अडलेल्या जनावरांनी त्यांना तशी सवय लावली होती. गाडी कडेला घेऊन तिने सीट उघडली. बॅटरीवरच्या गर्दीतली एक वायर लाल होऊन फुगली होती आणि तिच्यावरचं प्लास्टिक मेणासारखं ओघळत होतं. हात लावायची सोयच नव्हती. तिने पिशवीत हात घातला आणि जे पहिलं हाताला लागलं ते बाहेर काढलं. ती गाईंची खुरं कापायची मोठी कातर होती, रबरी दांड्यांची. तिने ती वायरीवर ठेवली, डोळे मिटले आणि दाबली. एक ठिणगी उडाली. धूर हळूहळू विरळ झाला.

मग तिने राहिलेल्या वायरीही, कुणाची कुठली हे न बघता, एकेक करून कापून टाकल्या. किल्ली फिरवली. काही नाही. किक मारली. काही नाही. फोनला तिथे रेंज नव्हती. आणि पलीकडे खाली एक गाय वाट बघत होती.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून विचार करायला लागली तेव्हा तिला पायाखालचा उतार जाणवला. माथा ती ओलांडून आली होती. इथून गोठ्यापर्यंत जवळजवळ सगळा उतारच होता. गाडीचे ब्रेक काही विजेवर चालत नव्हते.

तिने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, पायाने एक रेटा दिला आणि ब्रेकवर बोटं ठेवून धुक्यात शिरली. दिवा नाही, हॉर्न नाही, इंजिनाचा आवाजसुद्धा नाही. चाकं रस्त्यावर सुळसुळत होती तेवढीच. समोरून कुणी आलं तर त्याला आपण येतोय हे कळणार नाही, हे पहिल्याच वळणावर तिच्या लक्षात आलं. म्हणजे ओरडायला हवं. पण काय ओरडायचं? नुसतं "ओ, ओ" करत तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. सलग आणि खणखणीत म्हणता येईल असं एकच काही तिला पाठ होतं. ती पाढे म्हणायला लागली.

बेपासून सुरुवात केली. सोपे पाढे सपाट्याने झाले, कारण उतार जास्त होता. तेरा, सतरा, एकोणीस, सगळं लहानपणी वडिलांसमोर उभं राहून म्हणायची तसं, एका सुरात. धुक्यात आवाज लांब जात होता आणि दरीतून अर्धवट परत येत होता. एकोणतीसवर ती अडखळली. एकोणतीसला ती शाळेतही अडखळायची.

"एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर," ती ओरडली. "एकोणतीस सत्ते... एकोणतीस सत्ते..."

"दोनशे तीन," धुक्यातून एक पुरुषी आवाज आला.

तिने ब्रेक दाबले. समोर दुधाची गाडी उभी होती, दिवे लावून, रस्त्याच्या अगदी कडेला. चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं.

"दोन वळणांपासून ऐकतोय," तो म्हणाला. "म्हटलं, शाळेची सहल आली की काय. म्हणून गाडी बाजूला घेतली."

"माझी वायर जळाली. वरच्या गोठ्यावर निघालेय, गाय अडली आहे."

"खाली रस्ता मोकळा आहे, बिनधास्त जा. मागून कुणी येत नाही." मग त्याला राहवलं नाही. "तीसचा म्हणा की आता. सोपा असतो."

शेवटचा सपाट तुकडा आला तेव्हा गाडी आपोआप थांबली. डॉक्टरने ती तिथेच एका कुंपणाला टेकवली आणि पिशवी घेऊन पळत सुटली. गोठेवाला आणि त्याची बायको दारातच उभे होते. तांबडी जमिनीवर आडवी होती, डोळे पांढरे करून. डॉक्टरने हात कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत आत घातला. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात मागे दुमडलेला होता. वासराला थोडं आत ढकलून, खूर मुठीत झाकून, तो पाय अलगद पुढे आणायला बराच वेळ लागला. गोठेवाल्याची बायको गाईच्या मानेवरून हात फिरवत तिच्याशी काहीबाही बोलत राहिली. दोन्ही पाय बाहेर दिसले तसं सगळ्यांनी मिळून दोर ओढला आणि एक ओलंचिंब, लांब कानांचं वासरू गवतावर येऊन पडलं. ते शिंकलं. तांबडीने मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली, जणू मधलं काही झालंच नव्हतं.

डॉक्टर भिंतीला टेकून खाली बसली.

"येताना एवढी धाप कशाने लागली होती?" गोठेवाल्याच्या बायकोने तिच्या हातात चहा देत विचारलं.

"गाडी बंद पडली. तशीच उतरून आले."

"बंद गाडीने? त्या धुक्यात?" त्या बाईने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "घरी तुमची वाट बघणारं कुणी आहे ना? मग असं करू नका हो परत."

दुपारी गोठेवाल्याने मोटरसायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली आणि डॉक्टरसह घरी आणून सोडली. अंगणात ती उतरवली तेव्हा घरचे सगळे भोवती जमले. झालेली हकिगत डॉक्टरने जमेल तितकी हलकी करून सांगितली. सीट उघडल्यावर मात्र हलकं काही सांगता येईना. आत सगळं काळं झालं होतं.

"माझे टाके जसेच्या तसे आहेत बघा," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"माझ्या तर वायरी गाडीच्याच होत्या," नणंद म्हणाली. "मी नवीन काही टाकलंच नाही."

घड्याळजी गुडघ्यावर बसला होता. खिशातलं भिंग काढून त्याने जळकी वायर टोकापासून टोकापर्यंत बघितली. हँडल वळतं तिथे, गाडीच्या लोखंडाला घासून घासून तिचं प्लास्टिक गेलं होतं. उघडी तार लोखंडाला टेकली आणि बॅटरीतली सगळी वीज तिथून धावत सुटली. गाडीचा स्वतःचा फ्यूज होता, पण ही वायर त्याला वळसा घालून थेट बॅटरीवर गेलेली. तिला अडवणारं कुणी नव्हतंच. ती तापली तशा तिला लागून असलेल्या गाडीच्या मूळ वायरीही तिने वितळवल्या, आणि मग गाडीचा फ्यूज उडून इंजिन थांबलं होतं.

"ही माझी आहे," तो म्हणाला.

एवढंच सांगून तो उठून दुकानात गेला आणि त्या दिवशी त्याने एकाही घड्याळाला हात लावला नाही. संध्याकाळी डॉक्टर खाली गेली तेव्हा तो अंधारत चाललेल्या दुकानात तसाच बसला होता. भिंतीवरची सगळी घड्याळं आपापल्या परीने टिकटिकत होती.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू? घड्याळात चूक झाली तर कुणाची तरी गाडी चुकते. इथे तू..."

डॉक्टर त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली. खरं तर तिला सकाळी माथ्यावर त्याचा भयंकर राग आला होता. उतारावर सतराच्या पाढ्यापर्यंत तो टिकला होता. पुढे वासराने तो घालवला.

"रागावले होते मी," ती म्हणाली. "आता नाहीये. पण परत सांगू नकोस रविवारी करतो म्हणून. आणि माझा प्लगही तसाच जोडलेला होता, बिनफ्यूजचा. माझी वायर घासली नाही, एवढंच."

"सगळं उपसून काढू?"

"काढ. मी पण बसते."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल गेलं. घड्याळजीने त्यावर बॅटरी ठेवली, भोवती दिवे, मुठी, तुताऱ्या मांडल्या, आणि घरच्यांनी ताटं मांडीवर घेऊन जेवायचं असं ठरलं. गाडीतून जे जे निघालं त्यातून एकेकाची गंमत बाहेर येत गेली. सासूबाईंच्या मुठींना किल्लीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं बटण बंद करायचं राहिलं की गाडी बंद करून सगळे झोपले तरी त्या मुठी मुकाट्याने ऊब देत बसायच्या, म्हणून सकाळी बॅटरी मलूल. हॉर्नच्या बटणाचे आतले पत्रे काळे पडून जवळजवळ चिकटायला आले होते. ते बटण छोट्या हॉर्नपुरतं केलेलं, त्याच्यातून दोन तुताऱ्यांची वीज गेली की त्याला भाजणारच.

"म्हणजे ते अडकलं असतं, तर हॉर्न वाजतच राहिला असता?" नणंदेने विचारलं.

"बॅटरी संपेपर्यंत."

नणंद जरा वेळ त्या कल्पनेत रमली, मग वहिनीकडे बघून तिने चेहरा गंभीर केला.

घड्याळजीने आता एक छोटी काळी डबी टेबलावर ठेवली. ही रिले, त्याने सांगितलं. आईला त्या डबीचं काम समजावताना तो बऱ्याच दिवसांनी पहिल्यासारखा बोलायला लागला.

"हे बघ. बोटाखालच्या स्विचने सगळी वीज वाहायची नाही. त्याने डबीला फक्त सांगायचं, की लाव. त्याला चिमूटभर वीज पुरते. डबीत एक गुंडाळी आहे, तिचं लोहचुंबक होतं आणि ते आतला जाड पत्रा ओढून घेतं. मग मोठी वीज बॅटरीतून जाड वायरीने सरळ दिव्यांना. स्विचला त्याचा पत्ताच नाही."

त्याने स्विच दाबला. डबीत टक् असा आवाज झाला आणि जेवणघर पिवळ्या उजेडाने भरलं.

"तो आवाज कसला?" सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरत विचारलं.

"निरोप पोचला, त्याचा."

त्याला तो आवाज इतका आवडला की त्याने तो पुन्हा पुन्हा करून ऐकला. डॉक्टरने शेवटी त्याचा हात धरला.

प्रत्येक वस्तूला स्वतःचा फ्यूज आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत, हे घड्याळजीने ठरवलं. फ्यूज लांब बसवला तर बॅटरी ते फ्यूज एवढा वायरीचा तुकडा उघड्यावरच राहतो, असं त्याचं म्हणणं. सासूबाईंनी एक फ्यूज उजेडाकडे धरून बघितला. रंगीत प्लास्टिक आणि आत एक नाजूक पट्टी.

"आणि ही जळली तर?"

"जळायलाच बसवली आहे ती. वायर तापायच्या आत ही तुटते."

"बिचारी," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती जपून खाली ठेवली.

सगळं जोडून झाल्यावर तो डॉक्टरला म्हणाला, "इथे उभी राहा." मग दिव्यांची एक वायर त्याने मुद्दाम सोलली आणि लोखंडी सांडशीला टेकवली. सांडशीला बॅटरीचं दुसरं टोक लावलेलं होतं. घाटात झालं तेच त्याने टेबलावर घडवून आणलं. ठिणगी उडाली, फ्यूजमधून टिचकी मारल्यासारखा आवाज आला, आणि दिवे विझले. बाकी काही झालं नाही.

"वायरीला हात लाव," तो म्हणाला.

डॉक्टरने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि वायर बोटांत धरली. "गार आहे."

"नीट धरून बघ."

"गारच आहे अरे."

त्याने मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत राहिला.

गाडीत हे सगळं नीट बसवायला आणखी काही दिवस गेले. रिलेंना जागवायची बारीक वायर त्याने मागच्या दिव्याच्या वायरीवरून घेतली, म्हणजे किल्ली काढली की सगळं झोपणार. नणंदेच्या तुताऱ्याही रिलेवर घेतल्या आणि मूळचा छोटा हॉर्न परत जागेवर बसवला. सासूबाईंनी मेणकापडाच्या नळ्या शिवून दिल्या. वायरी त्यांच्यातून नेल्या आणि हँडलजवळ त्यांना थोडा सैलपणा ठेवला, वळताना ताण येऊ नये म्हणून. सीटखाली आता एवढी टापटीप झाली की डॉक्टरला ती उघडून लोकांना दाखवावीशी वाटे.

"झालं तर मग," ती एका संध्याकाळी म्हणाली. "उद्या सकाळी वरच्या गोठ्यावर जायचंय, लसीकरण आहे. तू मागे बस."

"मी?"

"वायरिंग तुझं आहे. बसून बघ."

घड्याळजीने आईकडे बघितलं. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. बहिणीने हेल्मेट आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

सकाळी तो बसला. पहिली काही वळणं त्याने डोळे मिटूनच काढली आणि डॉक्टरला इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेताना अडचण व्हायला लागली. घाटात नेहमीसारखंच दाट धुकं होतं, वर आदल्या दिवशीचा पाऊस अजून रस्त्यावर साचलेला. पिवळे दिवे छान पडत होते. माथ्याच्या अलीकडे एका मोठ्या डबक्यातून गाडी गेली, दोघांच्या गुडघ्यांपर्यंत पाणी उडालं, आणि पुढच्या वळणावर डॉक्टरने बटण दाबलं तर तुताऱ्यांऐवजी नुसतं पीं असं ऐकू आलं.

"तुताऱ्या गेल्या," ती म्हणाली.

मागची पकड एकदम सैल झाली. "थांब. बाजूला घे."

तो उतरला, सीट उघडली. फ्यूजच्या रांगेतल्या एकाचीच पट्टी तुटली होती. त्याने त्या जागी दुसरा घातला, हॉर्न दाबला, तोही गेला. तो तुताऱ्यांपाशी वाकला, त्या हलवून बघितल्या. आत पाणी खळखळत होतं.

"पाणी शिरलंय," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "फक्त तुताऱ्या गेल्या. दिवे बघ, चालू. मुठी?"

"गरम आहेत."

"फोन?"

"चार्ज होतोय. जास्त अँपिअरचा घालून टाक ना एखादा. मला उशीर होतोय."

"मुळीच नाही." हे त्याने इतक्या ठामपणे सांगितलं की डॉक्टर चकित झाली. घरात तो असा आवाज कधी काढत नसे. "पट्टी का तुटली ते कळलंय. पाणी निघेल तोवर पीं वाजव."

मग उरलेला घाट ते पीं पीं करत उतरले. घड्याळजीने आता डोळे उघडे ठेवले होते. मधेच तो वाकून एका हाताने टाकीखालची नळी चाचपायचा आणि बायकोच्या कानाशी ओरडून सांगायचा, "गार आहे." डॉक्टर मान डोलवायची.

गोठ्यावर पोचेपर्यंत ऊन पडलं होतं. डॉक्टर लसी घेऊन कामाला लागली. एकेक गाय पुढे येत होती, गोठेवाला दावं धरत होता, आणि घड्याळजी कडेला उभा राहून मोटरसायकलकडे बघत होता. दिव्यांकडे नव्हे, वायरींकडेही नव्हे. त्याने तिच्याभोवती एक चक्कर मारली. आरशावरचा चिखल रुमालाने पुसला. मग हँडलला हात लावला.

"ही पहिल्या गियरमध्ये कशी टाकतात?" त्याने हाक मारून विचारलं.

डॉक्टरने हातातली सुई तशीच धरून मागे वळून बघितलं. "तुला कशाला हवंय?"

"सहज."

"क्लच दाबायचा, डावा पाय खाली. मग क्लच हळू सोडायचा. अरे, पण थांब, मी येते."

तो थांबला नाही. गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा उडी मारून बंद पडली. गोठेवाल्याची बायको चारा टाकायचं सोडून बघायला आली. "हळू सोडा की," तिने सांगितलं, "वासराला दोरीने नेता तसं." मग गाडी निघाली. गोठ्यापुढचं मोकळं आवार मोठं होतं आणि मधे गवताची गंजी. घड्याळजी पाठ ताठ ठेवून, दोन्ही पाय जमिनीपासून बोटभर वर धरून, पहिल्या गियरमध्ये गंजीच्या मागे गेला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला. कोंबड्यांनी त्याला वाट करून दिली.

"जमतंय की," गोठेवाला म्हणाला.

डॉक्टरच्या हातातली सुई तशीच राहिली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला इतक्या वेगाने कुठे जाताना पाहिलं नव्हतं, आणि तो वेग म्हणजे धावणाऱ्या माणसाइतकासुद्धा नव्हता. तो पुन्हा गंजीमागे गेला, पुन्हा आला. समोरून जाताना त्याने मोठ्या खुशीत छोटा हॉर्न वाजवला. त्याच्या पुढच्या खेपेला मात्र चेहऱ्यावरची खुशी जरा कमी झाली होती.

"अगं," जाता जाता तो म्हणाला, "थांबायचं कसं?"

"उजव्या पायाने," तिने सांगायला सुरुवात केली, पण तोवर तो परत गंजीमागे गेला होता. तिने सुई ट्रेमध्ये ठेवली, हात पुसले आणि तो दुसऱ्या बाजूने बाहेर येण्याची वाट बघत उभी राहिली.